तंत्रस्नेही पाठाचे आदर्श टाचण
(नवशिक्या छात्राध्यापकांसाठी, संपूर्ण भरून दिलेले)

बी.एड. असो वा डी.एल.एड., आंतरवासितेच्या काळात एक तरी पाठ 'तंत्रज्ञानाधारित' घ्यावा लागतो. बाकीचे पाठ खडू, फळा आणि घसा एवढ्यावर निभावून जातात. या पाठाला वीज लागते, आणि म्हणून नशीबही लागते. नवशिक्यांची त्रेधा उडू नये यासाठी हे टाचण तयार करून दिले आहे. चौकटी नेहमीच्याच ठेवल्या आहेत. हर्बार्टच्या पंचपदीपासून ज्ञानरचनावादापर्यंत शिक्षणशास्त्र कितीही पुढे गेले, तरी चौकटी भरलेल्या दिसल्या की निरीक्षक सही करतात. आतले वाचायला त्यांना वेळ नसतो. एका सकाळी त्यांना सात-आठ पाठ उरकायचे असतात.

विषय : सामान्य विज्ञान. इयत्ता : सहावी. घटक : प्रकाश व छायानिर्मिती. वेळ : ३५ मिनिटे.

उद्दिष्टे

ज्ञान : विद्यार्थी छाया म्हणजे काय ते सांगतो. आकलन : विद्यार्थी प्रच्छाया व उपच्छाया यांतला फरक स्पष्ट करतो. कौशल्य : छात्राध्यापक पहिल्या दहा मिनिटांत प्रोजेक्टर चालू करतो. अभिरुची : मुख्याध्यापक पाठ संपेपर्यंत वर्गात बसून राहतात.

शेवटची दोन उद्दिष्टे टाचणात लिहू नका. गुण मात्र त्यांनाच असतात.

पूर्वज्ञान

म्हणजे तुमचे. एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र तुमच्याकडे असणारच. २००१ मध्ये एमकेसीएल आली तेव्हापासून महाराष्ट्रात ते दहावीच्या गुणपत्रिकेसोबत त्याच प्लास्टिकच्या फाइलमध्ये राहते. त्यात तुम्ही वर्ड शिकलात, एक्सेल शिकलात. प्रोजेक्टरची वायर कोणत्या भोकात जाते हे त्यात नव्हते.

सैद्धांतिक तयारी म्हणून एडगर डेलचा अनुभवशंकू पाठ करा. वाचलेले दहा टक्के लक्षात राहते, ऐकलेले वीस टक्के, पाहिलेले तीस टक्के, असे सगळ्या नोट्समध्ये चढत्या भाजणीने दिलेले असते. डेलने १९४६ मध्ये आपल्या पुस्तकात हा शंकू मांडला तेव्हा त्यात एकही टक्का नव्हता. ते आकडे नंतर कोणीतरी बाहेरून आणून चिकटवले आणि शंकूबरोबर जगभर फिरले. पण परीक्षेत टक्के लिहाच. न लिहिल्यास तुम्हाला शंकू समजलेला नाही असे समजले जाते.

शैक्षणिक साहित्य

साहित्य शाळेत असते. ते कपाटात असते. कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडे असते आणि मुख्याध्यापक पंचायत समितीत मीटिंगला गेलेले असतात.

किल्ली मिळाली की घाई करू नका. जिल्हा परिषद शाळेचे साहित्याचे कपाट सावकाश, वरून खाली पाहण्यासारखे असते. अगदी तळाशी खडू-फळा मोहिमेतली विज्ञानपेटी सापडेल. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर, १९८७ पासून, प्रत्येक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि थोडे साहित्य मिळावे म्हणून ही मोहीम निघाली. पेटीतला लोहचुंबक गेलेला असतो, भिंग मात्र असते. त्यावर एक जुना टीव्ही, पुण्याच्या बालचित्रवाणीच्या काळातला. बालचित्रवाणी १९८४ मध्ये सुरू झाली आणि २०१७ मध्ये बंद झाली. टीव्ही कधी बंद पडला याची नोंद नाही. त्यावर डबा मॉनिटर असलेले दोन संगणक. त्यावर २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'नंतर लोकवर्गणीची लाट आली त्या वेळी गावाने घेऊन दिलेला प्रोजेक्टर. सगळ्यात वर, अजून खोक्यातच, टॅब.

यातले काहीही फेकून का देत नाहीत, असा बाळबोध प्रश्न विचारू नका. प्रत्येक वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला चढलेली आहे. ती उतरवायची तर निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवावा लागतो, आणि तो पाठवण्यापेक्षा नवे कपाट मागणे सोपे असते. नवीन वस्तू वापरली तर बिघडते, बिघडली तर जबाबदारी निश्चित होते. न वापरलेली वस्तू कायम सुस्थितीत असते. टॅब खोक्यात का आहेत ते आता तुमच्या लक्षात आले असेल.

रजिस्टरवर सही करून प्रोजेक्टर ताब्यात घ्या. रिमोट मिळणार नाही.

पूर्वतयारी

स्लाइड आदल्या रात्री तयार करा. चोवीस पुरतील. पहिलीवर कॉलेजचे बोधचिन्ह, तुमचे नाव, हजेरी क्रमांक, मार्गदर्शक प्राध्यापकांचे नाव आणि गुलाबाचे फूल. प्रत्येक ओळ वेगळ्या दिशेने, गरगरत यावी. शेवटच्या स्लाइडवर 'धन्यवाद' आणि पुन्हा फूल.

टंकासंबंधी एक सूचना आहे आणि ती या टाचणातली एकमेव खरोखर उपयोगी सूचना असावी. सायबर कॅफेवाल्याकडून टाइप करून घेतलेला मजकूर बहुधा श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये असतो. त्यात पडद्यावर दिसते मराठी, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे. फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. शाळेच्या संगणकात तो फॉन्ट नसला की मुखवटा गळतो आणि 'प्रच्छाया'च्या जागी डॉलर, कंस, टक्के आणि उद्गारचिन्हे उभी राहतात. युनिकोडमध्ये टाइप केले तर हा प्रसंग टळतो. तिथेही जुन्या यंत्रावर 'ॲ' हे अक्षर चौकोन होऊन बसते, कारण ते युनिकोडमध्ये २००८ मध्ये, उशिरा आले. तेव्हा फाइलची पीडीएफ करून सोबत ठेवा. पीडीएफमध्ये गुलाब गरगरत नाही, एवढा त्याग करा.

हल्ली टाचणही एआयकडून लिहून घेतात. हरकत नाही. मजकूर झकास येतो: उद्दिष्टे गोळीबंद, भाषा किंचित हिंदी वळणाची, विद्यार्थ्यांचे पाचपाचचे गट, प्रत्येक गटाला एक टॅब, आणि गृहपाठ म्हणून 'कुटुंबासोबत जवळच्या तारांगणाला भेट द्या'. जवळचे तारांगण एसटीने किती तास ते लिहिलेले नसते. 'गतिविधी' असेल तिथे 'कृती' करा आणि पाठवा.

आता वर्ग. प्रोजेक्टरला काळोख लागतो. त्याचे कारण सोपे आहे: प्रोजेक्टर प्रकाश टाकू शकतो, अंधार टाकू शकत नाही. चित्रातला काळा रंग म्हणजे ज्या जागी प्रकाश पडला नाही ती भिंत. भिंतीवर खिडकीतला उजेड पडत असेल तर तुमचा काळा रंग भिंतीच्या रंगाचा होतो आणि सगळे चित्र धुतल्यासारखे दिसते. वर्गाला पडदे नसतात. पोषण आहाराच्या तांदळाची रिकामी पोती असतात. स्वयंपाक करणाऱ्या मावशींना विचारून घ्या, नुसती उचलू नका, त्यांचाही हिशेब असतो. पोती खिडक्यांच्या गजांना सुतळीने बांधा. उन्हाळ्याच्या तोंडावर हा पाठ असेल तर पंख्याची चौकशी करा आणि उत्तर ऐकून गप्प बसा.

वर्गशिक्षक तुमच्या मदतीला असतील असे आंतरवासितेच्या पुस्तिकेत छापलेले आहे. ते मतदारयादीच्या कामाला गेले आहेत.

प्रस्तावना

मुलांचे पूर्वज्ञान जागृत करण्यासाठी दोन-तीन प्रश्न विचारायचे असतात. 'दिवसा उजेड कोण देतो?' 'सूर्य!' 'रात्री उजेड कोण देतो?' 'लाईट असली तर बल्ब!' इथपर्यंत सगळे ठीक चालते. मग लॅपटॉप जोडायचा.

जुन्या प्रोजेक्टरला निळी, पंधरा टाचण्यांची व्हीजीए केबल लागते, नव्या लॅपटॉपला ते भोकच नसते. असले तरी व्हीजीएतून चित्र जाते, आवाज जात नाही. तुमचा व्हिडिओ मुका राहील. जोडले आणि तरी काही दिसले नाही तर विंडोजची कळ आणि पी एकत्र दाबा. कोणी 'एफ-फाईव्ह' म्हणेल, कोणी 'बंद करून चालू करा' म्हणेल. दुसरे म्हणणे बऱ्याचदा बरोबर असते.

लॅपटॉप नसेल आणि फोन जोडणार असाल तर आधी फोनचे नोटिफिकेशन बंद करा. ही सूचना वगळून पुढे गेलेल्यांसाठी: सावल्यांचे प्रकार पडद्यावर असताना वरून एक पट्टी घसरते आणि तीत घरून आलेला निरोप असतो, 'रविवारी पाहुणे बघायला येतायत, पार्लरला जाऊन ये'. संपूर्ण वर्ग तो एका सुरात, अडखळता वाचतो. वाचन चाचणीत शब्दपातळीवर अडकलेली मुलेसुद्धा. त्या आठवड्यातला वाचनाचा हा सर्वोत्तम निकाल असतो, पण त्याची नोंद करायला रकाना नाही.

हेतुकथन

'आज आपण प्रकाश व छायानिर्मिती या घटकाचा अभ्यास करणार आहोत.' हे वाक्य फळ्यावर लिहायचे असते. फळा पोत्यांच्या काळोखात आहे. अंदाजाने लिहा.

विषयविवेचन

स्लाइडवर जे लिहिले आहे ते मोठ्याने वाचून दाखवा. मुलांना वाचता येते, हे मनात आणू नका. चोवीस स्लाइड, पस्तीस मिनिटे, त्यातली अकरा केबलने घेतली, म्हणजे स्लाइडमागे एक मिनिट. तिसऱ्या स्लाइडवर अपारदर्शक पदार्थ, सातवीवर प्रच्छाया, आठवीवर उपच्छाया, अकरावीवर सूचिछिद्र प्रतिमाग्राहकाची आकृती. मुलांनी व्यत्यय आणला नाही तर हे सहज होते.

मुले व्यत्यय आणतात. नेमका प्रसंग असा येतो. स्लाइड पुढे सरकत नाही म्हणून तुम्ही कळफलकावर दिसेल ती कळ दाबत सुटता, आणि त्यात डब्ल्यू दाबली जाते. पॉवरपॉइंटचा स्लाइड-शो चालू असताना डब्ल्यू दाबली की पडदा कोरा पांढरा होतो. (बी दाबली तर काळा. पुन्हा तीच कळ दाबली की स्लाइड परत येते. हे तुम्हाला माहीत नाही, म्हणून तुम्ही खाली मान घालून फाइल बंद करून पुन्हा उघडण्याच्या खटपटीत आहात.) तेवढ्या वेळात पुढच्या बस्करावरचा एक मुलगा हात वर करतो. प्रश्नासाठी नाही. त्याचा हात प्रकाशाच्या झोतात येतो आणि भिंतीवर पंजा उमटतो.

मग कोण थांबणार? हरीण येते, कुत्रा येतो, दोन अंगठे जोडून गरुड येतो. एक जण प्रोजेक्टरच्या अगदी भिंगापाशी बोट नेतो; त्याचे बोट भिंतभर होते, पण कडा विरघळलेल्या. दुसरी मुलगी उलट भिंतीशी जाऊन उभी राहते. तिच्या वेणीचा एकेक केस धारदार दिसतो आणि सावली तिच्याएवढीच. ती मागे मागे येते तशी सावली वाढते, ती पुढे जाते तशी घटते. दोन पोरांमध्ये वाद लागतो, दोघांच्या सावल्या एकमेकींवर पडल्या तर तिथे दुप्पट काळे होईल की नाही. होत नाही. ते दोघेही गप्प होतात आणि पुन्हा करून बघतात.

तेवढ्यात कोणीतरी बोटे पसरून हात जोरात हलवते आणि किंचाळते, 'मॅडम, बोटांना रंग आले!' आलेले असतात. स्वस्तातले प्रोजेक्टर पुष्कळदा डीएलपी जातीचे असतात. त्यांच्या पोटात रंगीत काचांची एक चकती गरगर फिरते आणि लाल, हिरवे, निळे चित्र पाठोपाठ इतक्या वेगाने फेकते की डोळ्याला तिन्ही मिळून पांढरे वाटते. हलणारे बोट लाल क्षणी एका जागी असते, हिरव्या क्षणी जरा पुढे, निळ्या क्षणी आणखी पुढे. पांढऱ्या प्रकाशाचे तुकडे भिंतीवर पडलेले दिसतात. हे तुमच्या चोवीस स्लाइडमध्ये नाही. सहावीच्या पुस्तकातही नाही. आणि पूर्वेच्या खिडकीवरच्या पोत्याला जिथे बारीक भोके आहेत, तिथून जमिनीवर उन्हाचे गोल कवडसे पडले आहेत. भोके वाकडीतिकडी, कवडसे मात्र गोल, कारण ती सूर्याची चित्रे आहेत. सूचिछिद्र प्रतिमाग्राहक जमिनीवर अंथरलेला आहे आणि एक मूल त्यावर पाय ठेवून बसले आहे.

अशा वेळी विचलित होऊ नका. 'खाली बसा! हाताची घडी, तोंडावर बोट!' असे खणखणीत आवाजात सांगा. पाठ छायानिर्मितीचा आहे आणि मुले छाया निर्माण करण्यात वेळ घालवत आहेत. निरीक्षक दाराशी उभे असतील तर त्यांच्या वहीत 'वर्गनियंत्रण : सुधारणेस वाव' असा शेरा पडतो. फाइल पुन्हा उघडा आणि चौथ्या स्लाइडवरून पुढे चला. गुलाब आडवा येईल, तो जाऊ द्या.

वेळ उरलाच तर पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड दाखवा. देशभरासाठी दीक्षा हे व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झाले आणि आता पाठ्यपुस्तकांत हे चौकोन छापलेले असतात. वर्गातली निदान निम्मी पुस्तके मागच्या वर्षीच्या मुलांकडून आलेली आहेत, त्यांतल्या पांढऱ्या घरांत कोणीतरी पेनाने निळा रंग भरलेला असतो. घाबरू नका. क्यूआरमध्ये मजकूर थोडा जास्तीचा साठवतात. सर्वांत वरच्या दर्जाच्या कोडात सुमारे तीस टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. फक्त तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन शाबूत हवेत, त्यांवरून फोनला कोड सापडतो. मुले नेमके तेच रंगवतात, कारण ते डोळ्यांसारखे दिसतात.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी याच चौकोनांचा वापर स्वतःच्या वर्गातल्या मुलांसाठी केला. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले आणि दहा लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ जणांत वाटून टाकली. आपल्या वर्गात कोणते मूल कुठे अडले आहे हे ठाऊक असलेल्या माणसाने आधी मजकूर केला, मग चौकोन आला. तुम्ही परीक्षेत हा क्रम उलटा लिहिला तरी गुण कापले जाणार नाहीत.

तर फोन धरा आणि स्कॅन करा. गोल फिरू लागेल. 'नेट स्लो आहे, घरी बघा' असे सांगा. (तालुक्याच्या ठिकाणी असताना व्हिडिओ आधीच उतरवून ठेवता येतो, दीक्षात तशी सोय आहे. पण मग पाठाला 'ऑनलाइन' म्हणता येत नाही.)

मूल्यमापन

गूगल फॉर्मवर पाच बहुपर्यायी प्रश्न द्यावेत, निकालाचा रंगीत पाय चार्ट आपोआप तयार होतो. वर्गात फोन नाहीत ही अडचण नाही. रात्री तुम्हीच एकतीस वेळा भरा. सगळ्यांना पैकीच्या पैकी देऊ नका, संशय येतो. चार-पाच जणांना प्रच्छाया आणि उपच्छाया यांत गोंधळलेले दाखवा, म्हणजे अहवालात 'उपचारात्मक अध्यापन' हा रकाना भरता येईल. नोकरी लागल्यावर हा सराव कामी येतो. अभियोग्यता चाचणी संगणकावर, भरती पवित्र पोर्टलवर, पगार शालार्थमध्ये, मुले यूडायसमध्ये. पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून प्राथमिक शाळेत महिना सोळा हजार मानधनावर तुम्ही जे तंत्रज्ञान वापराल त्यातले बहुतेक वर्गाबाहेर, दुपारच्या सुटीत, मोबाइलची रेंज येते त्या पायरीवर वापराल. केंद्रप्रमुखांचा निरोप येतो, 'लिंक आजच भरणे, अत्यंत तातडीचे'. तेव्हा गटात 'भरली सर' असे आधी लिहायचे आणि मग भरायला घ्यायची, ही रीत वरिष्ठ शिक्षक तुम्हाला शिकवतील. त्याला प्रशिक्षण लागत नाही.

निरीक्षकांच्या शेऱ्यावर वाद घालू नका. 'स्लाइड आकर्षक. फलकलेखन दिसले नाही.' असा शेरा बहुधा येतो.

अहवाल

पाठ झाला हे सिद्ध करणारी गोष्ट म्हणजे जिओ टॅग असलेला फोटो. फोटोत चार गोष्टी हव्यात: पडदा, पडद्याकडे बोट दाखवणारे तुम्ही, पडद्याकडे पाहणारी मुले आणि मागे कॉलेजच्या नावाचा फलक. फ्लॅश बंद ठेवा, नाहीतर पडद्यावरचे चित्र उडते आणि तुम्ही कोऱ्या भिंतीकडे बोट दाखवताना येता. मुलांनी फोटोग्राफरकडे पाहू नये म्हणून एक-दोन-तीन म्हणू नका. नुसते 'ते बघा, माकड!' म्हणा, पण पडद्याच्या दिशेने.

मग सगळा डिजिटल पाठ कागदावर उतरवा. स्लाइडच्या छापील प्रती, पानाला सहा. गूगल फॉर्मचा पाय चार्ट, रंगीत झेरॉक्स. फोटो, चार, डिंकाने चिकटवलेले, खाली तारीख आणि वर्गशिक्षकांची सही. (ते अजून मतदारयादीच्या कामावर आहेत, सही मुख्याध्यापकांची चालेल.) स्पायरल बाइंडिंग, वर पारदर्शक प्लास्टिक, मागे निळा जाड कागद. दोन प्रती, एक कॉलेजला, एक तुमच्याकडे. मागच्या निळ्या कागदावर आतल्या बाजूने एक पाकीट चिकटवून त्यात पाठाची सीडी ठेवायची असते. ती स्टेशनरीच्या दुकानात अजून मिळते, छात्राध्यापकांसाठीच ठेवतात. कॉलेजच्या नव्या संगणकांना सीडीचा खण नाही, त्यामुळे ती कोणी उघडून पाहत नाही. कोरी लावली तरी चालते. फक्त वर मार्करने नाव, हजेरी क्रमांक आणि घटकाचे नाव सुवाच्य अक्षरात लिहा, आणि 'छायानिर्मिती'तली वेलांटी नीट पाहून द्या.